विशेष प्रगती

एप्रिलची तेवीस. पंखा फिरतो,
पण तापलेली हवाच ढवळून परत देतो.
टेबलावर एकेचाळीस प्रगतिपुस्तकं,
चौथी, तुकडी ब,
आणि प्रत्येकात एक रकाना : विशेष प्रगती.
रुंदी चार बोटं. उंची एक ओळ.

हेडसर म्हणाले, नेहमीचं लिहा हो,
‘चित्रकलेत रुची’, ‘वर्गकार्यात सहभाग’,
वरती कोण वाचतंय.
सतरा पुस्तकं मी तशीच भरली.
खोटं कशाला बोलू.

अठरावं निघालं हारिका मेरगूचं.

ऑगस्टमध्ये मी फळ्यावर सफरचंदं काढली होती,
एका पेटीत पंचवीस, तर चाळीस पेट्यांत किती.
वर्ग गप्प. बाहेर गल्लीत माग खडखडत होते,
तेवढाच आवाज.
हारिका उठली : बाई, सफरचंद मोजून कोण देतंय?
किलोवर देतेत की.

बरं, तुझ्या घरी काय मोजतात?
विड्या.

मग फळा पुसला. पंचवीसचा एक कट्टा,
हजार विड्यांचे कट्टे किती?
चाळीस! अर्धा वर्ग एकदम,
जशी लाइट आल्यावर मोटर सुरू व्हावी.
आणि त्यातल्या साठ छाट गेल्या तर?
नऊशे चाळीस, हारिका म्हणाली,
पण पैसे नऊशेचेच देतेत, बाई.

खडू माझ्या हातात तसाच राहिला.
पुस्तकात मागे उत्तरं असतात,
तिथे हे नव्हतं.

पुढच्या आठवड्यात केंद्रप्रमुख आले.
विड्या? शाळेत?
मी घाईनं पुसलं, टॉवेल काढले.
डस्टर म्हणजे तरी काय, उझैर नदाफनं
कारखान्यातून आणलेला टॉवेलचा तुकडाच.
पंचवीस टॉवेलांचा एक गठ्ठा, मी म्हटलं.
मागच्या बाकावरून यल्लालिंग :
बाई, टॉवेल डझनावर असतेत.
साहेब हसले. शेरा बरा दिला.

डिसेंबरात पालकसभा.
हारिकाची आई सगळ्यांत शेवटी आली,
पेरापेरांत तंबाखूचा तपकिरी रंग,
पेन धरलं तेही पान कापायची कात्री धरावी तसं.
मी म्हटलं, मुलगी हुशार आहे,
पण फार बोलते, विचारायच्या आधी उत्तर देते,
आणि गृहपाठाची वही तीनदा आणली नाही.
हारिका आईकडे वळली. एका दमात सांगून टाकलं :
मंचिगा सदुवुतदंट.

चांगला अभ्यास करते म्हणे. बास, एवढंच.

आई हसली. पदरानं बोटं पुसून
माझा हात हातात घेतला.
अकरा वर्षं आहे मी या शाळेत,
एवढं तेलुगू कळतं मला.
हारिकाला ते माहीत नव्हतं.
किंवा होतं. कारण ती आईकडे नाही,
माझ्याकडे बघत होती, पापणी न हलवता.
मी मान डोलावली.

आता या एका ओळीत काय लिहू?
‘भाषांतर उत्तम’?
‘वजाबाकी येते,
वजाबाकीत कुणाचं काय जातं, तेही येतं’?

हेच लिहिलं. रकान्यात मावलं नाही,
खाली पालकांच्या सहीच्या जागेत उतरलं.
आई सही कुठे करणार?
करेल कुठेतरी. हारिका बोट ठेवून जागा दाखवेल,
आणि वाचूनही दाखवेल,
लिहिलंय तेवढं, किंवा तिला वाटेल तेवढं.

मुदकप्पा शिपाई दारात, किल्ल्या वाजवत :
बाई, कुलूप लावायचंय.
थांब रे, म्हटलं, अजून तेवीस आहेत.
मग ती सतराही पुन्हा पुढे ओढली,
चाळीस झाली. एक कट्टा कमी नाही.

सगळ्यांत वरचं यल्लालिंग हत्तुरेचं.
‘चित्रकलेत रुची.’
माझंच अक्षर, वळणदार.
वर्षभर त्या पोराकडे रंगपेटी नव्हती.